भिवाजी आणि दहा वर्षांची तार

कोलशेतच्या कोळीवाड्यात कुणाचं काही अडकलं की पहिला निरोप भिवाजीकडे जायचा. सुजलेल्या बोटातली अंगठी, विहिरीच्या तळाशी गेलेली कळशी, बोअरमध्ये तुटून राहिलेला पाइप. एकदा तर शाळेतल्या बाकाच्या भोकात मास्तरांचीच करंगळी अडकली होती. भिवाजी यायचा, उकिडवा बसायचा, अडकलेल्या वस्तूकडे चहूबाजूंनी बघायचा आणि मग पहिला प्रश्न विचारायचा, की आत गेलंच कसं? बोट ठणकत असलेल्या माणसाला या प्रश्नाचा किती राग येतो, हे त्याला उभ्या जन्मात कळलं नाही. पण जे आत गेलं त्याची वाट कळल्याशिवाय बाहेरची वाट कळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि बोट निघाल्यावर मास्तरांनाही ते पटलं.

मूळचा धंदा खाडीतला. जाळं बांधायला खाडीच्या चिखलात लाकडी खुंट रोवतात. रोवायला चार माणसं पुरतात, पण काढायची वेळ आली की दहा माणसं लावली तरी खुंट जागचा हलत नाही. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागलं, मासळी आटली, तशी लोकांची जाळी कमी होत गेली आणि खुंट काढायचं काम वाढत गेलं. ते काम भिवाजीच्या अंगावर आलं. त्याच्या आज्याची रीत सोपी होती. ओहोटीला होडी खुंटाशेजारी न्यायची, दोर गच्च आवळून खुंटाला बांधायची आणि तंबाखू मळत बसायचं. भरती चढते, पाणी होडीला उचलतं, होडी खुंटाला उचलते. माणसाने फक्त घाई करायची नाही.

ही रीत एकदाच फसली, पण अशी फसली की भिवाजीचं आयुष्य तिथून वळलं. १९८३ साली त्याच्या थोरल्या भावाचा, पोपटचा, बारा वर्षांचा एक खुंट काढायचा होता. बारा वर्षांत त्याच्यावर कालवांच्या शिंपल्यांचे थर चढले होते. भिवाजीने नेहमीसारखी होडी बांधली. भरती चढली, दोर ताणला, आणि खुंट मधोमध कडकन तुटला. वरचा तुकडा हाताला लागला, बुडखा चिखलात राहिला. सगळेच म्हणाले, भिवाजीसुद्धा म्हणाला, की राहू दे, चिखल चढेल वर. चिखल चढला नाही. पावसाळ्यात खाडीने तो उलट धुऊन नेला, आणि नारळी पुनवेनंतर पहिल्याच खेपेला पोपटची होडी त्या बुडख्यावर चढून तळाशी फाटली. पोपट पोहून आला, पण पुन्हा होडी केली नाही. कारखान्यात लागला आणि तीन वर्षं भावाशी बोलला नाही.

त्या तीन वर्षांत भिवाजीने दोन गोष्टी केल्या. भंगारातून खुंटापेक्षा जाड असा लोखंडी नळा आणला. तो खुंटावर ओवायचा, गोल फिरवत खाली न्यायचा, म्हणजे कालवं तासली जातात, चिखलाची पकड सुटते, आणि मग भरतीला हाक मारायची. दुसरी गोष्ट म्हणजे त्याने मनाशी गाठ बांधली की इथून पुढे बुडखा ठेवायचा नाही. काढायचं तर मुळापासून, नाहीतर हात लावायचा नाही. एका खुंटापायी तो सलग पाच ओहोट्या कमरेएवढ्या चिखलात उभा राहिला होता, आणि खुंटाचा मालक काठावरून हात जोडून सांगत होता की बाबा, राहू दे, मना नको तो. हे ऐकून लोक हसायचे. घरी मंजुळा हसायची नाही.

मंजुळा म्हणजे त्याची बायको. ठाण्याच्या मच्छीबाजारात तिची बसायची जागा ठरलेली होती आणि जीभ कोयत्यापेक्षा तेज होती. सत्याऐंशी साली ती बोंबील तोलता तोलता बसल्या जागी कलंडली. दोन दिवसांनी पुन्हा कलंडली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा कळलं की तिचं हृदय मिनिटाला जेमतेम तीस ठोके मारतंय. डॉक्टरांनी डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून थोडी मोठी अशी डबी बसवली. डबीतून एक तार शिरेवाटे थेट हृदयात. डबी ठोक्याला हाक मारते, हृदय ओ देतं. मंजुळा आठवड्यात उठून बसली आणि महिन्यात गिऱ्हाइकांशी भांडायला लागली.

भिवाजीला अर्थातच डबीपेक्षा तारेचं कुतूहल. ती आत टिकते कशी, असं त्याने तिथल्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, टोकाला मऊ काटे असतात, ते हृदयाच्या आतल्या जाळीत अडकतात, आणि पुढे शरीरच त्यावर आपलं मांस चढवतं. भिवाजीने मान डोलावली. खुंटावर कालवं चढतात तसंच हे, त्याला लगेच समजलं. मग त्याने साहजिकच विचारलं, की मग काढायची कशी? डॉक्टर हसले आणि म्हणाले, अहो, काढायची कशाला?

हे उत्तर भिवाजीच्या पायात काट्यासारखं राहिलं. दर सहा महिन्यांनी डबी तपासायला जायचं आणि दर वेळी हा नव्या डॉक्टरला तोच प्रश्न विचारायचा. कुणी हसायचं, कुणी चिडायचं, एकाने तर मंजुळेलाच विचारलं की यांना नक्की काय हवंय. ती म्हणाली, "त्याला माजा खुंट काराचा हाय." शहाण्णव साली डबीची बॅटरी संपली, जुन्या तारेलाच नवी डबी जोडली, आणि भिवाजीने जुनी डबी मागून घरी आणली. त्याला ती करवतीने कापून आत बघायची होती. मंजुळेने ती त्याच्या हातातून घेतली आणि देव्हाऱ्यात एकवीरा आईच्या शेजारी ठेवली. नऊ वर्षं जिने जगवलं तिला करवत लावायची नाही, एवढंच बोलली, आणि डबीचा प्रश्न तिथे मिटला.

सत्त्याण्णवच्या सुरुवातीला डबीवरची कातडी लाल झाली. मग तिथून पू यायला लागला. औषधांनी बरं वाटायचं, औषध थांबलं की पुन्हा तेच. दोनदा असं झाल्यावर ठाण्यात नव्याने उघडलेल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात डॉक्टर आठल्ये नावाच्या डोंबिवलीच्या गृहस्थांना दाखवलं. चाळिशीचे, हळू बोलणारे, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. ते म्हणाले, जंतू डबीवर आणि तारेवर बसलेत. तिथपर्यंत औषध पोचत नाही. नुसती डबी काढून चालणार नाही, तारही काढावी लागेल. नाहीतर आज ना उद्या हे रक्तात उतरेल आणि मग हाताबाहेर जाईल.

खरं सांगायचं तर त्या क्षणी भिवाजीच्या मनात आनंदाची एक बारीक लहर उठली. दहा वर्षं ज्या प्रश्नाला सगळे हसले तो प्रश्न आज डॉक्टर स्वतःहून काढत होता. मग त्याची नजर मंजुळेकडे गेली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. भिवाजीला स्वतःची इतकी लाज वाटली की तो पुढची पाच मिनिटं काही विचारू शकला नाही. डॉक्टरांना वाटलं, माणूस शांत स्वभावाचा आहे.

तो गैरसमज दुसऱ्याच दिवशी दूर झाला. मंजुळेला भरती केल्यावर भिवाजीने सांगितलं की सही करण्याआधी हत्यारं बघायची आहेत. डॉक्टरांनी चष्मा पुसला. रुग्णाचा नवरा खर्च विचारतो, धोका विचारतो, कुणी ज्योतिषाला विचारून वार सांगतो, पण हत्यारं बघायला कुणी मागितली नव्हती. त्यांनी शालनसिस्टरला हाक मारली. शालनसिस्टर कल्याणच्या. शिरेतून तार-नळ्या घालायच्या त्या विभागातली सगळी हत्यारं त्यांच्या ताब्यात, आणि एकेका वस्तूवर त्यांचं पोटच्या पोरासारखं लक्ष. त्यांनी सरावासाठी ठेवलेली जुनी हत्यारं हिरव्या कापडावर मांडली आणि भिवाजीला बजावलं की बघायचं, हात लावायचा तो विचारून.

पहिलं हत्यार बघून भिवाजीला हसू आलं. एक दोरा, एक कप्पी आणि पाव किलोचं वजन. तारेचं बाहेरचं टोक दोऱ्याला बांधायचं, दोरा पलंगाच्या कडेच्या कप्पीवरून सोडायचा, आणि वजन लोंबकळत ठेवायचं. एक दिवस, दोन दिवस, कधी आठवडा. तार हळूहळू आपणहून सुटते. जगभर वर्षानुवर्षं असंच करत आलेत, डॉक्टर म्हणाले. भिवाजीने ओळखलं, ही तर आज्याची भरती. पण त्याने लगेच विचारलं की दहा वर्षांच्या तारेला हे चालतं का, कारण आमच्याकडे चार वर्षांपुढचा खुंट नुसत्या भरतीने काढायला गेलं तर मोडतो. डॉक्टर पहिल्यांदा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. वर्षा-दोन वर्षांची तार वजनाने निघते, त्यांनी सांगितलं. जुनी असली तर ताणत जाते, लांब होते, तुटते. त्यांनी शिकत असताना एक तुटलेली बघितली होती. भिवाजी म्हणाला, भरती निदान उतरते तरी. हे वजन उतरायचं नावच घेणार नाही, तिच्या काळजाला उसंत कधी मिळायची?

दुसरं हत्यार केसाएवढ्या बारीक तारेचं. ते बघून भिवाजीचे डोळे मोठे झाले, कारण खाडीत याला जोडच नव्हता. हृदयातली तार आतून पोकळ असते, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. ही बारीक तार त्या पोकळीतून थेट टोकापर्यंत घालायची आणि तिथे पिळून अडकवायची. मग ओढलं की ओढ बाहेरच्या टोकाला बसत नाही, एकदम मुळाशी बसते, म्हणजे मधली तार ताणायचा प्रश्न नाही. भिवाजीने परवानगी मागून ती हातात घेतली, पिळली, सोडली, पुन्हा पिळली. खुंट जर पोकळ असता, तो म्हणाला, तर पोपटची होडी अजून पाण्यावर असती. डॉक्टरांना याचा अर्थ कळला नाही आणि भिवाजीने सांगितलाही नाही.

तिसऱ्या हत्याराची त्याला ओळख करून द्यावी लागली नाही. एकात एक बसणाऱ्या नळ्या. गळपट्टीच्या हाडाखालून शिरायला पोलादाच्या, पुढे शिरेतल्या वळणांसाठी मऊ प्लास्टिकच्या. तारेवर ओवायच्या, आलटून पालटून फिरवत पुढे सरकवायच्या, म्हणजे तारेला चिकटलेलं मांस सुटत जातं. भिवाजीने शालनसिस्टरना आपल्या लोखंडी नळ्याची हकिकत सांगितली, कालवांसकट. मग त्याने जो प्रश्न विचारला तो डॉक्टर पुढे कित्येक वर्षं आपल्या शिकाऊ डॉक्टरांना सांगत राहिले. त्याने विचारलं, शेवटी ओढताना आतली जागा कोण धरून ठेवणार? खुंट उपटताना भोवतीचा चिखल वर येतो. आम्ही फळी टाकून तिच्यावर उभं राहतो. हृदयात फळी कुठली?

डॉक्टरांनी नळीचं गोल तोंड त्याला दाखवलं. हीच फळी, ते म्हणाले. नळी टोकापर्यंत नेऊन हृदयाच्या भिंतीला टेकवून धरायची आणि तार नळीच्या आत ओढून घ्यायची. भिंत जागची हलत नाही. नळीचं खरं काम तासायचं नाही, धरायचं आहे. भिवाजी बराच वेळ त्या तोंडावरून बोट फिरवत राहिला. आपल्याला चौदा वर्षांत हे का सुचलं नाही याचं त्याला वाईट वाटत होतं.

चौथं हत्यार मांडीच्या शिरेतून आत घालायचं, पुढे उमलणारं तारेचं टोपलं. वरून तार तुटली तर खालून जाऊन तिला पकडायचं. भिवाजीने त्याला विहिरीचा गळ म्हटलं, फक्त फरक असा की यांना क्ष-किरणांच्या पडद्यावर कळशी दिसते. परदेशात आता नळीच्या तोंडाशी प्रकाशकिरणाने मांस जाळत जाणारं हत्यार निघालंय, डॉक्टर म्हणाले, पण ते त्यांनी चित्रातच बघितलं होतं. आणि सगळंच फसलं तर पाचवा मार्ग म्हणजे छाती उघडणं. मंजुळेचं वजन घटलेलं, साखर वाढलेली. तिला ते झेपेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. नळ्यांमध्येही शंभरात एखाद-दुसऱ्याची शीर नाहीतर भिंत फाटते. ते त्यांनी लपवलं नाही.

भिवाजीने बारीक तार आणि नळ्या यांच्या बाजूने कौल दिला. डॉक्टरांचाही तोच विचार होता, पण त्यांनी तसं न दाखवता मान डोलावली. इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग भिवाजीने आपली जुनी गाठ मध्ये आणली. वॉर्डात मंजुळेच्या पलंगाशी उभं राहून त्याने डॉक्टरांकडे शब्द मागितला. काढायची तर सगळी काढायची, टोकापासून. आत बुडखा ठेवायचा नाही. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करू. भिवाजीला प्रयत्न नको होता, शब्द हवा होता. त्याने पुन्हा मागितला, डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. मंजुळा भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुपारी भिवाजी चहा घेऊन आला तेव्हा ती शालनसिस्टरशी काहीतरी बोलत होती. त्याला बघताच दोघी गप्प झाल्या. बायकांचं काही असेल म्हणून त्याने विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता तिला आत नेलं. तिचा स्वतःचा ठोका भरवशाचा नव्हता, म्हणून आधी मांडीतून तात्पुरती तार घालून बाहेरच्या मशीनवर हृदय चालू ठेवणार होते. शेजारच्या खोलीत छाती उघडणारे सर्जन हातमोजे न घालता तयार बसले होते. बाहेरच्या बाकावर भिवाजी आणि त्याच्या शेजारी पोपट. भाऊ आता बोलत होते, पण त्या होडीबद्दल कधीच नाही. पोपट पहिली पाळी सोडून आला होता आणि कारखान्याची टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

भिवाजी डोळे मिटून आतलं सगळं बघत होता. आता पोलादी नळी हाडाखाली गेली असेल. आता ती बदलून प्लास्टिकची. आता वळण. वळणावर घाई करायची नाही, तो मनातल्या मनात डॉक्टरांना सांगत होता. दहा वाजले. साडेदहा. त्याचे स्वतःचे हात मांडीवर फिरत होते, उजवीकडे अर्धा वळसा, डावीकडे अर्धा वळसा. पोपटने ते बघितलं आणि नजर वळवली. आयुष्यात पहिल्यांदा भिवाजीला एखादी वस्तू कशी निघते ते जाणून घ्यायचं नव्हतं. त्याला फक्त मंजुळा जिवंत हवी होती.

पावणेअकराला डॉक्टर आठल्ये बाहेर आले. तोंडावरचा पट्टा गळ्यात, अंगावर शिशाचा जड झगा, कपाळावर घाम. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. तार निघाली होती. शिरेतली सगळी, हृदयातली जवळजवळ सगळी. अगदी शेवटी, भिंतीला नळी टेकवून ओढताना, टोक मांसात इतकं रुतलेलं निघालं की ते तिथेच तुटून राहिलं. नखाएवढा तुकडा. बारीक तारही त्याच्यातून सुटून बाहेर आली होती. खालून टोपलं घालून पकडता येईल, पण तो ओढला की भिंत आत खेचली जातेय, पडद्यावर दिसतंय, आणि ठोके चुकतायत. फाटली तर छाती उघडावी लागेल. नाहीतर तो तिथेच ठेवायचा, डबीची जागा साफ झालीच आहे, महिनाभर औषधं द्यायची आणि ताप येतोय का बघत राहायचं. बहुतेक काही होणार नाही. पण नक्की होणार नाही असं ते सांगू शकत नव्हते.

"तुम्हाला शब्द दिला नव्हता मी," डॉक्टर म्हणाले, "पण तुम्ही मागितला होतात. म्हणून विचारायला आलो. पुढे जाऊ का?"

भिवाजीला वाटलं, पोपट काहीतरी बोलेल. बुडखा ठेवल्याने काय होतं हे त्या बाकावर फक्त पोपटला अंगावर माहीत होतं. पोपट टोपीकडे बघत होता. भिवाजीने डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली, तो तुकडा रक्ताच्या धारेत उघडा आहे की मांसाने झाकलेला? झाकलेला, डॉक्टर म्हणाले. आजवर झाकलेला आहे. उद्याचं? उद्याचं मला ठाऊक नाही.

उद्याचं मला ठाऊक नाही, हे त्याला त्र्याऐंशी साली कुणी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. तेव्हा सगळ्यांना उद्याचं ठाऊक होतं, चिखल चढणार होता. हा माणूस निदान खोटं बोलत नव्हता. भिवाजीच्या जिभेवर दोन्ही शब्द आले. ‘वढा’ हा त्याचा चौदा वर्षांचा होता, रोजच्या वापरातला, आपोआप सुटणारा. तो त्याने गिळला.

"राहू द्या," तो म्हणाला. "वढू नका. आहे तशी आणा तिला बाहेर."

डॉक्टर आत गेले. दार बंद झालं. पोपटने टोपी डोक्यावर ठेवली, काढली, आणि त्याच हाताने भावाचा खांदा एकदा दाबला. तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

मंजुळेला संध्याकाळी नीट शुद्ध आली. बाहेरचं मशीन तिच्यासाठी ठोके मारत होतं. आठवड्याने उजव्या बाजूला नवी डबी आणि नवी तार बसणार होती. शालनसिस्टर तिच्या मांडीची पट्टी बघून गेल्या. भिवाजी स्टुलावर बसला. त्याला माहीत होतं ती काय विचारणार. तिने ते विचारलंच, ओठ कोरडे, आवाज बसलेला.

"सगली निंगली?"

नाही निघाली. त्याने कबुली देतात तसं सांगितलं. टोक राहिलं. नखाएवढं. डॉक्टर बाहेर येऊन विचारून गेले, आणि मी राहू द्या म्हटलं. उद्या त्याचं काही झालं तर तो दोष माझा. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता, मशीनवरच्या लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याकडे बघत होता. मग त्याने मान वळवली. मंजुळा रडत होती. आवाज नाही, नुसतं पाणी कानाकडे वाहत होतं. बाजारात सगळ्यांशी भांडणारी ही बाई सव्वीस वर्षांच्या संसारात त्याच्यासमोर दोनदाच रडली होती, आणि दोन्ही वेळा कुणीतरी मेलं होतं.

त्याला वाटलं, तार राहिली म्हणून. तो समजूत घालायला लागला तशी तिने मान हलवली.

"तुमी राहू द्या बोल्लात?" तिने विचारलं. "तुमी?"

"मी."

मग तिने सांगितलं. परवा दुपारी तिने शालनसिस्टरना हात धरून विनवलं होतं की काय वाटेल ते होऊ दे, पण माझ्या नवऱ्याला विचारायला जाऊ नका. तो वढा म्हणेल. माणूस वाईट नाही, पण अडकलेलं दिसलं की त्याला दुसरं काही दिसत नाही. सिस्टर म्हणाल्या, विचारावं लागतं बाई, कागदावर सही त्यांची असते. तेव्हा मंजुळेने मनाची तयारी केली. बुधवारी शेवंती, त्यांची लेक, भेटायला आली तेव्हा तिला बाजारातली आपली जागा, कुणाकडून मासळी घ्यायची, कुठल्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचं नाही, सगळं समजावून दिलं. पोरीला वाटलं, आई आठवडाभराचं सांगतेय.

"कपाटाच्या चाव्या पन तिलाच देऊन टाकल्या मी," मंजुळा म्हणाली. "माज्याकडं नाय ठेवल्या."

भिवाजीला सकाळचं आठवलं. सकाळी ढकलगाडीवरून आत जाताना ती त्याच्याकडे बघून हसली होती, आणि त्याला वाटलं होतं की ती घाबरलेली नाही. ती निरोप घेत होती. ज्या टेबलावर ती मरेल असं तिला वाटत होतं, तिथे तिला मारणारी गोष्ट म्हणजे तो स्वतः होता, आणि तरीही ती त्याच्याकडे बघून हसली होती. त्याने तिचा हात उचलला. सलाईनची सुई होती म्हणून नुसती बोटं धरली. ती गार होती.

"उद्या शेवंती आली की," तो म्हणाला, "चाव्या परत मागून घे."